खोक्यावर 90 वॉट, फ्यूज 3 अँपिअरचा

थंडीत बाइक चालवण्यासाठी हीटेड जॅकेट घ्यायच्या विचारात असाल तर ऑर्डर टाकण्याआधी हे वाचा. मला विकलेलं जॅकेट बंद पडलेलं नव्हतं. बटण दाबलं की लाल दिवा लागायचा, पाठ गरम व्हायची. म्हणून तर फसवणूक लवकर पकडता आली नाही. वस्तू चालतच नसेल तर माणूस लगेच बोंब मारतो. अर्धवट चालणाऱ्या वस्तूबद्दल 'आपल्यालाच थंडी जास्त वाजत असेल' असं म्हणून गप्प बसतो.

वर्णन झकास होतं. बाइकच्या बॅटरीवर चालणारं, 12 व्होल्ट, 90 वॉट, छाती, पाठ, कॉलर आणि दोन्ही बाह्यांत हीटिंग, तापमान 65 अंशांपर्यंत. सोबत व्हिडिओ: खोलीत उभा असलेला माणूस आणि थर्मल कॅमेऱ्यात लालभडक दिसणारी त्याची पाठ. आता खोलीत वारा नसतो, सगळी मेख तिथेच आहे. हवा 0 अंशांवर असताना ताशी 100 किलोमीटरचा वारा लागला तर उघड्या त्वचेला ती उणे 11 अंशांसारखी जाणवते. जॅकेटच्या आत तेवढं होत नाही, पण मानेपाशी, मनगटापाशी, झिपच्या फटीतून वारा उष्णता ओढत राहतोच. त्याला पुरून उरणारी चांगली लायनर जॅकेट (नेहमीच्या जॅकेटच्या आत घालायची) साधारण 65 ते 90 वॉट घेतात. उभ्या बाइकला जोडून बघितलं तर 20 वॉटचं जॅकेटसुद्धा मस्त वाटतं. हायवेला लागल्यावर त्याचं पितळ उघडं पडतं.

माझं तसंच पडलं. दंड गारठलेले, बोटं क्लचवर लाकडासारखी, आणि पाठीच्या मधोमध तेवढी एक कोमट पट्टी.

विक्रेत्याला कळवलं तर उत्तर तयारच होतं: "तुमच्या बाइकचा अल्टरनेटर कमी पडतोय." अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवणारा भाग. खोटं कसं बोलावं हे याच्याकडून शिकावं, कारण यात थोडं तथ्य असतं. लहान बाइकचं चार्जिंग बेताचंच असतं. हेडलाइट, इग्निशन वगैरे भागवून उरते त्या विजेत 90 वॉटचं जॅकेट बसेलच असं नाही, आणि इंजिन नुसतं सुरू ठेवून उभे असाल तर आणखीच कमी. म्हणून ग्राहक मान डोलावतो आणि बाइक घेऊन मेकॅनिककडे जातो. तेवढ्यात परतीची मुदत संपते. पण अल्टरनेटर खरंच कमी पडत असेल तर जॅकेट लावल्यावर बॅटरीचा व्होल्टेज घसरायला हवा. मी आरपीएम थोडा चढवून मोजला, जॅकेट फुल्लवर असताना 13.8 व्होल्ट. हललासुद्धा नाही. बाइकला जॅकेट जोडल्याचा पत्ताच नव्हता, कारण जॅकेट तिच्याकडून फारसं काही मागतच नव्हतं.

मग जॅकेटसोबत आलेली वायर हातात घेतली. बॅटरीला जोडायच्या त्या वायरीत फ्यूजची डबी असते. टोपण काढलं तर आत जांभळा फ्यूज, त्यावर ठळक 3. तीन अँपिअर गुणिले 13.8 व्होल्ट म्हणजे जेमतेम 41 वॉट. 90 वॉटच्या जॅकेटला साडेसहा अँपिअर लागतात, हा फ्यूज जागच्या जागी उडायला हवा होता. तो इतके दिवस सुखात नांदत होता! खोकं आणि फ्यूज या दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, आणि फ्यूजला खोटं बोलून कमिशन मिळत नाही.

पुढची तपासणी साध्या मल्टिमीटरवर होते. कंट्रोलर (ऊब कमी-जास्त करायची बटणाची डबी) काढून टाकायचा आणि जॅकेटच्या स्वतःच्या प्लगवर रेझिस्टन्स मोजायचा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा दिसेल तो वजा करायचा, नाहीतर इतक्या लहान मापात घोळ होतो. माझ्या जॅकेटचं उत्तर आलं 9.5 ओहम. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम: 13.8 चा वर्ग 190, भागिले 9.5, म्हणजे 20 वॉट. खरं 90 वॉटचं जॅकेट 2 ओहमच्या आसपास दाखवतं. आकड्यांचा कंटाळा असला तरी एवढा एक भागाकार कराच, यावर विक्रेत्याला कुठलीही थाप मारता येत नाही.

बाह्यांचा प्रकार तर कहरच. अस्तरावर नागमोडी शिवण घातलेली, बघणाऱ्याला वाटावं की आतून वायर फिरवली आहे. चिमटीत धरून बोटं फिरवली तर पाठीत आणि कॉलरमध्ये वायर लागते, बाहीत नुसतंच कापड.

65 अंशांचं काय? तो आकडा कुठल्या जागेचा हे कुणी सांगत नाही. वायरच्या एखाद्या बिंदूवर 65 अंश आणणं सोपं आहे, त्यातून अंगाला किती उष्णता मिळते हे त्यावरून कळत नाही. शिवाय त्वचेला खरोखर 65 अंश लागले तर भाजेल. 44-45 अंशांवरसुद्धा काही तास चिकटून राहिलं तर त्वचा भाजू शकते, आणि बधिर हाताला ते कळतही नाही. तेव्हा विक्रेता अंशांची भाषा करत असेल तर वॉट आणि अँपिअर लेखी मागा. टाळाटाळ झाली की समजून जा. पॉवर बँकेवर चालणारी यूएसबी जॅकेट या भानगडीत मोजूच नका. 5 व्होल्ट, 2 अँपिअर, म्हणजे 10 वॉट. चालायला जाताना ठीक.

त्याच विक्रेत्याने नंतर 'भरपाई' म्हणून बॅटरीचे ग्लोव्हज सवलतीत गळ्यात मारायचा प्रयत्न केला. प्रत्येक बॅटरी 7.4 व्होल्ट, 9800 एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण), आठ तास ऊब. फोटोत स्पष्ट दिसत होतं की आत 18650 जातीचे दोनच सेल आहेत. असा चांगल्यातला चांगला सेल 3500 एमएएचच्या आसपास असतो, आणि 7.4 व्होल्टसाठी दोन सेल एकापुढे एक जोडले की व्होल्ट वाढतात, एमएएच नाही. म्हणजे 7.4 व्होल्ट गुणिले 3.5 अँपिअर-तास, जास्तीत जास्त 26 वॉट-तास. एका ग्लोव्हला 10 वॉट धरले तर अडीच तास, तेही सेल अस्सल असतील तर. लेबलवर नुसतं 'सीई' (वस्तू युरोपातल्या नियमांत बसते हा उत्पादकाचा दावा) छापलेलं. बाइकच्या ग्लोव्हजवर ईएन 13594 हा मानक क्रमांक आणि मोटरसायकलस्वाराचं चिन्ह असायला हवं. ते नसेल तर गरम होतात की नाही हा पुढचा प्रश्न. पडल्यावर तळहाताची सालं निघणार.

पैसे परत मिळवण्याबाबत एकच सांगतो. तक्रारीत मी आधी 'खराब वस्तू' हा पर्याय निवडला, तर त्यांनी तत्परतेने दुसरं जॅकेट पाठवलं. तेही 9.5 ओहमचंच! मग 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' म्हणून नव्याने तक्रार केली आणि तीन फोटो जोडले: खोक्यावरचे 90 वॉट, डबीतला फ्यूज आणि मीटरवरचा आकडा. विक्रेत्याने पुन्हा अल्टरनेटरचं तुणतुणं वाजवलं, मी 13.8 व्होल्टचा व्हिडिओ टाकला. कार्डवरचे पैसे बँकेने उलटे फिरवले. पहिलं जॅकेट त्यांनी परत मागितलं, दुसऱ्याबद्दल अजून चकार शब्द काढलेला नाही.