म्हाताऱ्या लॅब्राडोरचे सांधे: गोळी, इंजेक्शन, पूरक पावडर की शस्त्रक्रिया?

गिरगावातील आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. आमची लॅब्राडोर कुत्री बुंदी साडेआठ वर्षांची झाली, तेव्हापासून ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबू लागली. आधी आम्हाला ते लाड वाटले. पण स्वयंपाकघरातल्या गुळगुळीत लादीवर उठताना तिचे मागचे पाय दोन बाजूंना फाकू लागले, तेव्हा एक्स-रे काढला आणि दोन्ही खुब्यांच्या सांध्यांची झीज झालेली दिसली. त्यानंतरच्या पंधरवड्यात आम्हाला इतके परस्परविरोधी सल्ले मिळाले, की शेवटी कोणत्या उपायामागे किती संशोधन आहे हे एकेक करून पाहावे लागले. त्याच प्रसंगात असलेल्या वाचकाला निवड करताना उपयोग व्हावा, म्हणून ही तुलना. औषध आणि मात्रा अर्थातच पशुवैद्यकांनीच ठरवायची आहे.

तुलनेआधी मोजपट्टी ठरवली पाहिजे. कुत्र्याच्या लंगडण्याविषयीची मालकाची साक्ष फारशी भरवशाची नसते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांध्यांच्या झिजेने लंगडणाऱ्या, पण कोणतेही खरे औषध न दिलेल्या ५८ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. पाय जमिनीवर किती जोराने टेकतो हे मोजणाऱ्या पट्टीवर सुधारणा दिसत नसतानाही सुमारे ४० टक्के वेळा मालकांना कुत्रा सुधारल्यासारखा वाटला होता. पशुवैद्यकही या भ्रमातून सुटले नाहीत. त्यांचे प्रमाण मालकांपेक्षा कमी नव्हते. म्हणून पुढे प्रत्येक उपायाबाबत मी एकच प्रश्न विचारला आहे: सुधारणा यंत्राने मोजली होती, की कोणाला तरी तसे वाटले होते?

या कसोटीवर सर्वात भक्कम ठरतो तो सर्वात स्वस्त उपाय, म्हणजे वजन कमी करणे. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या २४ जोड्या करून एका पिल्लाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न देत, चौदा वर्षे त्यांचा पाठपुरावा केला गेला. कमी खाणाऱ्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. खुब्याची झीज एक्स-रेत दिसण्याचे मध्यक वय जास्त खाणाऱ्यांत ६ आणि कमी खाणाऱ्यांत १२ वर्षे होते. हा अभ्यास कुत्र्यांचे खाद्य विकणाऱ्या कंपनीनेच केला होता. आपल्याच मालाचा खप कमी व्हावा असा निष्कर्ष एखाद्या कंपनीने छापावा, हे क्वचितच घडते.

मात्र तो अभ्यास रोग लांबवण्याचा होता. रोग झाल्यावर काय करायचे, याचे उत्तर २०१० च्या एका छोट्या अभ्यासात आहे: लठ्ठ आणि लंगडणाऱ्या कुत्र्यांचे वजन ६.१ टक्के घटले तेव्हापासूनच लंगडणे लक्षणीय कमी झाले, आणि वजन सुमारे ९ टक्के उतरल्यावर ती सुधारणा यंत्रावरही दिसली. बुंदी तेव्हा ३८ किलोची होती, म्हणजे तिच्याबाबतीत ६.१ टक्के म्हणजे जेमतेम २.३ किलो. ऐकायला सोपे वाटते, पण मुंबईतल्या घरात ते सोपे नाही. तिचे योग्य वजन ३० किलो धरले, तर वजन उतरवण्यासाठी दिवसाला साधारण ९०० कॅलरी मिळायला हव्यात. तूप लावलेल्या दोन पोळ्यांतून सुमारे २५० कॅलरी जातात, म्हणजे दिवसाच्या कोट्याचा चौथ्याहून अधिक हिस्सा. त्या दोन पोळ्या आमच्या घरून नव्हे, तर तळमजल्यावरच्या आजींकडून आणि वॉचमनच्या डब्यातून जात होत्या, हे समजायला आम्हाला महिना लागला.

दुसरा भक्कम पर्याय म्हणजे दाह कमी करणारी वेदनाशामके: कार्प्रोफेन, मेलोक्सिकॅम, फिरोकोक्सिब आणि त्यांच्या जातकुळीतील इतर. यांचा परिणाम पाय टेकण्याच्या जोरातही मोजला गेला आहे आणि तो काही दिवसांत दिसतो. वजन उतरायला मात्र महिने लागतात. दुसऱ्या बाजूला उलट्या, जुलाब, जठरातील व्रण आणि मूत्रपिंड व यकृतावरील ताण हे धोके आहेत. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी आणि नंतरही ठरावीक अंतराने रक्ततपासणी करावी लागते, आणि ही औषधे स्टेरॉइडसोबत कधीही देऊ नयेत. २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ग्रापिप्रँट दाहाच्या साखळीतील एकच दुवा अडवते, त्यामुळे जुन्या औषधांनी पोट बिघडणाऱ्या कुत्र्यांसाठी त्याचा विचार होतो.

इथे थोडे थांबून एक इशारा दिला पाहिजे, कारण घरातल्या औषधांच्या डब्याकडे हात सहज जातो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव घडवू शकतात आणि मूत्रपिंड निकामी करू शकतात. मेलोक्सिकॅम माणसांनाही देतात, पण त्या गोळ्या ७.५ आणि १५ मिलिग्रॅमच्या असतात, तर ३० किलोच्या कुत्र्याची नेहमीची दैनिक मात्रा ३ मिलिग्रॅम असते. अर्धी गोळीसुद्धा जास्त होते. (जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली, ती कुत्र्यांसाठी नव्हे, तर मेलेली गुरे खाऊन मरणाऱ्या गिधाडांसाठी.)

गोळीशी थेट तुलना होते ती महिन्यातून एकदा कातडीखाली द्यायच्या बेडिनव्हेटमॅब या इंजेक्शनाची. वेदनेचा संदेश तीव्र करणारे एक प्रथिन ते निष्प्रभ करते. युरोपात त्याला २०२० मध्ये आणि अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. जठर आणि मूत्रपिंडावर वेदनाशामकांसारखा भार नाही आणि रोज गोळी भरवण्याची कटकट नाही, ही त्याची मोठी सोय आहे. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने पशुवैद्यकांना पत्र लिहून, हे इंजेक्शन दिल्यानंतर तोल जाणे, झटके येणे, पायांतील शक्ती जाणे, लघवीवर ताबा न राहणे आणि काही प्रकरणांत मृत्यू अशा तक्रारी नोंदल्या गेल्याचे कळवले. अशा नोंदींवरून औषधच कारण होते हे सिद्ध होत नाही. तरीही ज्याचे मूत्रपिंड किंवा पोट गोळ्या सोसत नाही, त्या कुत्र्यासाठी मी ते पुढे ठेवेन, आणि ज्याला आधीच मज्जासंस्थेचा त्रास आहे त्याच्यासाठी मागे. बारा महिन्यांखालील पिल्लांना आणि गाभण कुत्रीला ते देत नाहीत.

सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या पूरकांच्या पावडरीवर आम्ही वर्षभर पैसे घातले, आणि बुंदी सुधारते आहे अशी माझी खात्रीही होती. वर सांगितलेला ४० टक्क्यांचा आकडा वाचला तेव्हा ती खात्री कुठून आली असावी हे कळले. २०२२ मध्ये कुत्रे व मांजरांवरील पूरक आहाराच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्याने या जोडीचा वेदनेवर उपयोग दिसत नसल्याचे सांगून, तिची शिफारस थांबवावी असे स्पष्ट म्हटले. त्याच आढाव्यात माशांच्या तेलातील ओमेगा-३ मात्र वेदना कमी करणारे ठरले. २०१० च्या एका चाचणीत ओमेगा-३ युक्त आहारावर असलेल्या कुत्र्यांची कार्प्रोफेनची मात्रा अधिक लवकर कमी करता आली. दोन्ही डबे दुकानात एकाच फळीवर असतात. निवडायचे तर तेल निवडावे, आणि त्याच्या कॅलरी मोजाव्यात.

पाण्यातील ट्रेडमिल, लेझर आणि मालिश यांवरचे पुरावे अजून तुटपुंजे आहेत. स्नायू टिकवण्यासाठी सावकाश, नियमित चालणे मात्र कोणीही सुरू करू शकते. मुंबईच्या घरात सर्वात आधी बदलायची गोष्ट म्हणजे लादी. पाणी, जेवण आणि झोपण्याची जागा यांना जोडणारी रबरी चटयांची पट्टी घातली, तर उठताना घसरणारे पाय सावरतात. पावसाळ्यात फिरणे कमी झाल्याने नखे झिजत नाहीत, आणि वाढलेल्या नखांनी पकड आणखी सुटते. जून ते सप्टेंबर ती वेळेवर कापावीत.

शस्त्रक्रियेचा प्रश्न सरसकट विचारता येत नाही, कारण खुबा आणि गुडघा यांची उत्तरे वेगळी आहेत. खुब्याचा पूर्ण कृत्रिम सांधा सर्वात नैसर्गिक चाल देतो, पण तो महाग आहे आणि तो बसवणारे शल्यविशारद थोडे आहेत. मांडीच्या हाडाचा गोल माथा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया स्वस्त असली, तरी हलक्या वजनाच्या कुत्र्यांत अधिक चांगली साधते. गुडघ्याचा लिगामेंट तुटलेल्या ४० लठ्ठ कुत्र्यांची तुलना २०१३ मध्ये झाली: सर्वांना वजन घटवणे, व्यायाम आणि वेदनाशामक दिले, आणि निम्म्यांवर हाडाचा कोन बदलणारी शस्त्रक्रियाही केली. वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७५ टक्के आणि न झालेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के कुत्र्यांत परिणाम यशस्वी मानला गेला. शस्त्रक्रिया सरस आहे, पण ती परवडत नसेल तर सारे संपले असे नाही. शिवाय त्या शस्त्रक्रियेनंतर हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने जिने वर्ज्य असतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत ३५ किलोचा कुत्रा दिवसातून तीनदा कोण उचलणार, हा प्रश्न तारीख घेण्याआधी घरात विचारावा. मत दोन ठिकाणी घ्यावे: परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले आहे.

आमच्यापुरता निर्णय असा झाला: पोळ्या बंद, चटया, माशाचे तेल आणि रक्ततपासणीच्या देखरेखीखाली कार्प्रोफेन; पावडर थांबवली, इंजेक्शन राखीव ठेवले. पाच महिन्यांत वजन ३८ वरून ३४.६ किलोवर आले. सगळे उपाय एकत्र चालू असल्याने श्रेय कोणाचे, हे मला सांगता येत नाही. स्वतःच्या डोळ्यांवर विसंबायचे नाही म्हणून दर रविवारी सकाळी, फिरून आल्यावर, एकाच ठिकाणी उभे राहून ती जिना चढतानाची मोबाइलवर चित्रफीत घेतो आणि थांबे मोजतो. पहिल्या चित्रफितीत ती चार वेळा थांबली होती. गेल्या रविवारी एकदाच थांबली, तीही तळमजल्यावर, आजींच्या दारासमोर.