पाणबुडीच्या वेल्डची तपासणी शिकवणारा वर्ग: सर एक नंबर, प्रोब झिजलेले

अठरा वर्षं वेल्डिंग केलं. डोळे थकले, म्हणून भांडुपला दहा दिवसांचा अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी वेल्डच्या आतले दोष शोधायची तपासणी) लेव्हल-२ चा, म्हणजे दुसऱ्या पातळीचा, वर्ग लावला. सर पाणबुडीच्या कामातून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी जाड प्लेटचा जोड पुढे ठेवला. वरून इतका देखणा की मीच केलाय म्हणून मिरवलं असतं! ग्लिसरीन लावून ७० अंशांचा प्रोब (त्या कोनात ध्वनी आत सोडणारं उपकरण) सरकवला आणि पडद्यावर टोक ताडकन उभं राहिलं. आत कडेला धातू जुळलाच नव्हता. अशी सपाट फट किरणांना तिरकी असली तर एक्स-रेच्या फिल्मवर निसटू शकते. ध्वनी मात्र तिच्यावर आपटून परत येतो. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो, तिथे ही फट म्हणजे काय, ते सांगावं लागलं नाही. वेल्डमध्ये शिरलेल्या हायड्रोजनमुळे पडणारी भेग उशिरा उघडते, म्हणून वेल्डनंतर ४८ तास थांबून तपासतात, हेही इथेच कळलं.

तक्रार एकच: चौदा जणांत मशीन दोन आणि प्रोबचे तळ झिजलेले. व्ही-१ ब्लॉकवर (प्रोब पडताळायचा प्रमाणित ठोकळा) माझ्या प्रोबचा कोन ७० ऐवजी ६७ भरला. सर म्हणाले, "बरं झालं, रोज सकाळी ब्लॉक का लावायचा ते समजलं." फी घेताना हे सांगितलं नव्हतं. चार स्टार.