आतली केबिन की बाल्कनी? पहिल्यांदा क्रूझला जाणाऱ्यांसाठी

सिंगापूर-पेनांग-फुकेत आणि परत सिंगापूर, ही चार रात्रींची क्रूझ मी दोनदा केलीय. पहिल्यांदा बिनखिडकीची आतली केबिन घेतली होती, दुसऱ्यांदा बाल्कनीवाली, आणि दोन्ही वेळा आम्ही तिघं, मी, बायको आणि आई (पहिल्या वेळी ती ७२ ची होती). बोटी वेगळ्या होत्या पण मार्ग तोच, त्यामुळे तुलना करायला बरं पडतं. सध्या ओळखीतले दोघं-तिघं पहिल्यांदाच बुकिंग करतायत आणि सगळ्यांची गाडी याच प्रश्नावर अडते, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

बाकीचं तुमचा एजंट सांगेलच, त्यात शिरत नाही. फक्त सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या, कारण बोट परत तिथेच येते आणि तेव्हा तुम्ही नव्याने आत शिरता. आणि मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात, त्या केबिनपर्यंत यायला कधीकधी संध्याकाळ होते, तेव्हा बीपी-शुगरच्या गोळ्या आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा.

आता पैशांचं. आम्ही गेलो तेव्हा आतल्या केबिनमध्ये आणि बाल्कनीत माणशी अकरा-बारा हजारांचा फरक पडत होता, हंगामाप्रमाणे तो कमीजास्त होतो. तिघांचे मिळून पस्तीस हजार म्हणजे काही थोडके नाहीत. आणि त्या पैशांत जेवण वेगळं मिळत नाही, शो तेच, स्विमिंग पूल तोच, रोजची टिप सुद्धा आम्हाला दोन्हीकडे सारखीच लागली. म्हणजे आतली केबिन घेतलीत म्हणून बोटीवर तुम्हाला कोणी कमी लेखत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

आतल्या केबिनच्या बाजूने अजून बोलायचं तर झोप. इतकी गाढ झोप मला घरी पण लागत नाही. दुपारी पेनांगला उन्हात फिरून आलो, एसीमध्ये पडलो, पूर्ण अंधार, तासाभरात ताजातवाना. शिवाय खालच्या डेकवर आणि बोटीच्या बरोब्बर मध्यावर आतल्या केबिन स्वस्तात मिळतात, आणि हेलकावे सगळ्यात कमी तिथेच बसतात. बोट सी-सॉसारखी समजा, टोकं वरखाली होतात, मध्य त्यामानाने स्थिर राहतो. ज्यांना साधी एसटी सुद्धा लागते त्यांनी हे आधी बघावं, खिडकी नंतर. मलाक्काच्या सामुद्रधुनीत तसं पाणी शांत असतं कारण एका बाजूला अख्खं सुमात्रा आडवं आहे, पण पेनांग सोडून फुकेतकडे निघालं की अंदमानचा समुद्र लागतो आणि मे ते ऑक्टोबर तिथेही नैऋत्य मोसमी वारेच असतात. आम्ही पहिल्यांदा जुलैमध्ये गेलो होतो, त्या रात्री बायकोला बोट लागली. डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर ठेवा आणि त्रास सुरू व्हायच्या आधी घ्या, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. आलेपाक पण न्या, आम्हाला उपयोग झाला.

इथपर्यंत वाचून तुम्ही आतली केबिन बुक करायला निघाला असाल तर थांबा जरा, कारण माझं मत ज्या एका गोष्टीने फिरवलं ती आता येतेय.

सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आई गेली पन्नास वर्षं पहाटे पाचला उठते, गजर नाही काही नाही, आपोआप. आपले पाच म्हणजे तिथले साडेसात. त्या भागात सातच्या सुमारास उजाडतं, म्हणजे आईचे डोळे उघडले तेव्हा बाहेर चांगलं ऊन पडलेलं होतं. पण केबिनमध्ये काळोख मिट्ट, डोळे उघडे काय आणि मिटलेले काय, एकच. तिचा फोन मुंबईपासूनच फ्लाइट मोडवर होता (बोटीवर तो तसाच ठेवायचा, बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल भयानक येतं) त्यामुळे त्यात आपली वेळ, पाच. तिला वाटलं अजून पहाटच आहे, आणि दिवा लावला तर हे दोघं उठतील, म्हणून ती तशीच पडून राहिली, उजाडायची वाट बघत. आणि उजाडेचना. आम्ही दोघं साडेनऊला उठलो, तोवर दोन तास ती अंधारात छताकडे बघत पडली होती, रामरक्षा मनातल्या मनात दोनदा म्हणून झाली होती. "अरे, इथे सकाळ होते की नाही?" एवढंच म्हणाली. नाश्ता दहाला बंद होणार होता, धावतपळत वर गेलो, हातात आले दोन टोस्ट आणि गार चहा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या फोनची वेळ बदलून दिली आणि प्रश्न मिटला असं धरून चाललो. पण तिसऱ्या सकाळी ती सात वाजता हळूच दार उघडून बाहेर गेली, उजेड बघायला. क्रूझचे पॅसेज तुम्ही बघितले नसतील तर सांगतो, शंभर-शंभर दारं, सगळी सारखी, गालिचा सारखा, खिडकी एकही नाही. ती खिडकी शोधत गेली आणि परत यायचं दार तिला सापडेना. दार उघडायचं कार्ड आत राहिलेलं, आणि तसंही आमच्या कार्डावर सुरक्षेसाठी म्हणून केबिनचा नंबर छापलेला नव्हता. मला जाग आली, हात लावून बघतो तर आईचा बेड रिकामा. वीस मिनिटांनी सापडली, लिफ्टजवळच्या सोफ्यावर बसली होती, पदर सावरून, शांतपणे, पण चेहरा उतरलेला. ती वीस मिनिटं मी विसरू शकत नाही. आणि नेमकी तीच सकाळ फुकेतला पोचायची होती, म्हणजे समुद्रातून ते हिरवे डोंगर वर येताना बघायचे ते राहूनच गेलं. तेव्हा बरोबर वडीलधारं माणूस असेल तर केबिन कुठलीही घ्या, पण नंबर कागदावर लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवाच.

आतल्या केबिनवर काही उपाय आहेत, ते मी उशिरा शिकलो. बऱ्याच बोटींवर टीव्हीला एक चॅनल असतं ज्यावर नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, कॅमेऱ्याचं चित्र सतत चालू असतं, आवाज बंद करून ते रात्रभर लावून ठेवलं की पहाटे स्क्रीन उजळते आणि दिवस कळतो. सेलवरचा छोटा दिवा न्या. भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे हुक छान चिकटतात, दिवा टांगता येतो आणि ओले टॉवेलही. काही नव्या बोटींवर तर आतल्या केबिनच्या भिंतीवर मोठा स्क्रीन लावून बाहेरचा समुद्र दाखवतात, मी त्यात राहिलेलो नाही पण कल्पना चांगली वाटते.

मग दीड वर्षाने, फेब्रुवारीत, बाल्कनी.

पहिल्या सकाळी पडदा अर्धा उघडा ठेवून झोपलो होतो. आई उठली, तिने काच सरकवली, बाहेर जाऊन खुर्चीवर बसली. मला जाग आली ती तिच्या रामरक्षेच्या आवाजाने, मोठ्याने म्हणत होती, काचेपलीकडे. लांबवर दोन मासेमारी बोटींचे दिवे अजून विझले नव्हते. आमच्या बाल्कनीच्या भाड्याचा हिशेब माझ्यासाठी तिथेच मिटला, खरं सांगायचं तर.

आदल्या संध्याकाळी सिंगापूर सोडतानाही असंच. तिथे बंदराबाहेर इतकी जहाजं नांगर टाकून उभी असतात की अंधार पडल्यावर पाण्यावर दुसरं शहर वसल्यासारखं दिसतं. आई लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने देवगडला जायची, डेकवर पथारी टाकून, वर आभाळ. तिच्या लेखी बोटीचा प्रवास म्हणजे वारा अंगावर घेणं. मागच्या वेळी तिला मी लोखंडी खोलीत झोपवलं होतं हे मला त्या रात्री कळलं. फुकेतला मोठी बोट धक्क्याला लागत नाही, पातोंगसमोर समुद्रात उभी राहते आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, ते बघून ती म्हणाली, "हा तर आपला पडावच!" देवगडला पण असंच पडावात उतरायला लागायचं म्हणे. (गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हे लक्षात ठेवा, चढताना-उतरताना माणसं हात देतात, पण पाणी हलत असतं. पेनांगला ही भानगड नाही, थेट जॉर्जटाऊनच्या धक्क्याला लागते, चालत बाहेर पडलं की लिटल इंडिया आणि मरिअम्मनचं देऊळ.)

बाल्कनीचे तोटे नाहीत असं नाही. दुपारी अकरा ते चार तिथे बसवत नाही, दमट उकाडा असतो आणि काच उघडी राहिली की आमच्या केबिनचा एसी आपोआप बंद पडायचा. कॅमेरा बाहेर नेला की लेन्सवर वाफ. कपडे वाळत घालायला मनाई. शेजारचे मोठ्याने बोलले की सगळं ऐकू येतं. काचेचं दार जड असतं आणि वाऱ्याने धाडकन आपटतं, लहान मुलं असतील तर त्यांची बोटं सांभाळा आणि त्यांना एकटं बाहेर सोडूच नका. बाल्कन्या बहुतेक वरच्या डेकवर असतात त्यामुळे हेलकावा जरा जास्त जाणवतो. पेनांगला बोट धक्क्याला लागली तेव्हा तर आमच्यासमोर फक्त गोदीची भिंत होती. हे सगळं मी मोजलं, आणि तरीही.

डाव्या बाजूची बाल्कनी की उजव्या, यावर लोक फार डोकं घालवतात. माझ्या मते या मार्गावर त्याची गरज नाही. जाताना बोट वायव्येला जाते म्हणजे सूर्योदय उजव्या हाताला, येताना उलट, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन्ही येतात. त्यापेक्षा डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, उघडून आपल्या केबिनच्या वर काय आहे आणि खाली काय आहे ते बघा. आमच्या बरोबर वर पूलचा डेक होता आणि सकाळी साडेपाचपासून खुर्च्या ओढायचा आवाज, खर्रर्र, रोज. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. स्वस्त पडते म्हणून 'गॅरंटी' केबिन, म्हणजे नंबर कंपनी नंतर देईल तो घ्यायचा, असली तर पहिल्या वेळी तरी टाळा.

मधला पर्याय आहेच, खिडकीची केबिन, ओशन व्ह्यू म्हणतात ती. खिडकी उघडत नाही पण उजेड येतो, आणि खालच्या डेकवर मध्यभागी मिळाली तर हेलकावेही कमी. मी राहिलो नाहीये त्यामुळे ठामपणे बोलत नाही, पण पैसे वाचवायचे असतील तर मी आतल्याऐवजी ती बघेन. फक्त खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना ते आधी विचारा.

तुम्ही पंचविशीतले चार मित्र असाल, केबिनमध्ये फक्त अंघोळीला आणि पहाटे तीनला झोपायला जाणार असाल, तर आतली घ्या, उरलेल्या पैशांत फुकेतला मजा करा, खरंच. नवरा-बायको दोघंच असाल तरी चालून जाईल कदाचित. पण आई-वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा, आणि बहुतेक एकदाच, समुद्रावर नेत असाल तर मी नम्रपणे बाल्कनीच म्हणेन. बजेट बसत नसेल तर चार रात्रींऐवजी तीन रात्रींची क्रूझ घ्या, पण उजेड सोडू नका.

आणि घड्याळाचा विषय निघालाच आहे तर एक राहिलं. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. आमच्या बोटीने दोन्ही वेळा स्वतःची वेळ बदलली नव्हती, पण किनाऱ्यावर उतरल्यावर बायकोच्या फोनने तिथलं नेटवर्क पकडून आपणहून एक तास मागे घेतला. फोनमध्ये चार वाजले होते तेव्हा बोटीवर पाच वाजलेले. शेवटची छोटी बोट किती वाजताची ते बोटीच्या वेळेप्रमाणेच असतं. आम्ही वाचलो ते आईमुळे, कारण मागच्या अनुभवानंतर तिने या वेळी हातात जुनं चावीचं घड्याळ बांधलं होतं आणि बोटीवर चढताना स्वागताच्या काउंटरवर विचारून ते लावून घेतलं होतं.