पाणी तपासायला आलेल्यांनी आमच्या इमारतीतून १,५२,७०० रुपये नेले

आकडा आधी सांगतो, कारण तोच डोक्यातून जात नाही. १,५२,७०० रुपये. आमची १६ फ्लॅटची साधी इमारत आहे. निम्म्या घरांत निवृत्त माणसं, उरलेल्यांत आमच्यासारखी हप्ते फेडणारी. प्रत्येक फ्लॅटकडून 'जिवाणू तपासणी शुल्क' ६५० रुपये, म्हणजे १०,४००. गच्चीवरची आणि खालची टाकी 'निर्जंतुक' करण्याचे सोसायटीच्या खात्यातून १४,०००. सात घरांनी घेतलेली पाणी शुद्ध करायची यंत्रं, प्रत्येकी १६,५००, म्हणजे १,१५,५००. त्यातल्या चौघांनी वर्षाच्या देखभालीचे ३,२०० आगाऊ भरले, ते १२,८००. त्या चौघांत मी आहे. माझे स्वतःचे २०,३५० गेले. पण त्याहून जास्त हे झोंबतं की सोसायटीचा सचिव मी आहे, आणि पाणी तपासायच्या नावाखाली लुबाडणाऱ्या त्या माणसांना जिना चढायची परवानगी माझ्या सहीने मिळाली.

काळ आठवा. जानेवारी २०२५. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण निघाले होते. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडल्याचं रोज बातम्यांत येत होतं. हातापायातली ताकद जाते, माणूस व्हेंटिलेटरवर जातो, आणि संशय पाण्यावर. आमचं गाव पुण्यापासून लांब असलं तरी इथल्याही घराघरांत पाणी उकळायला लागलं होतं. माझी आई ७४ वर्षांची, तिचं पोट त्याच आठवड्यात बिघडलेलं. अशा वेळी गळ्यात ओळखपत्र, अंगात पांढरा कोट आणि हातात नगरपरिषदेच्या बोधचिन्हाचं पत्र घेऊन दोन तरुण आले, तर तुम्ही त्यांना हाकलून दिलं असतं का? नंतर मला शहाणपण शिकवायला आलेल्या प्रत्येकाला मी हेच विचारलं. उत्तर एकानेही दिलं नाही.

पुढचा खेळ तुम्हाला माहीत असेलच. आधी 'मोफत पाहणी', मग भीती, मग 'आजच्या दिवसापुरती सवलत'. दोन दांड्यांचं विजेवर चालणारं उपकरण त्यांनी नळाच्या पाण्यात बुडवलं. पाणी तपकिरी झालं, वर गाळ आला. त्यांच्या बाटलीतलं पाणी मात्र जवळपास तसंच राहिलं. हा प्रकार जुनाच आहे. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते आणि दांडीचं लोखंडच झिजून गाळ होतो. बाटलीतल्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून तिथे काही घडत नाही. जंतूंचा याच्याशी काडीचा संबंध नाही. हे मला ऐकून ठाऊक होतं आणि त्या दांड्यांवर मी विश्वास ठेवलाही नव्हता. मी त्यांना तसं बोललोदेखील. तेव्हा तो मोठा म्हणाला, "साहेब, तुम्ही जाणकार आहात, तुम्हाला खरी टेस्ट दाखवतो."

आणि त्याने ती छोटी काचेची नळी काढली. नळाचं पाणी भरलं, ड्रॉपरने थेंब टाकले, हलवलं. पाणी पिवळं झालं. "हे बघा, जिवाणूंची रिॲक्शन." मग त्यांच्या बाटलीतलं पाणी घेतलं, तेच थेंब टाकले, ते स्वच्छ राहिलं.

इथे माझा जीव जळतो. ती ओटी टेस्ट होती. ऑर्थोटोलिडिन. माझ्या गावी विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर ग्रामपंचायतीचा माणूस हीच नळी घेऊन घरोघरी यायचा. पाणी पिवळं झालं की म्हणायचा, "आलं बघा क्लोरीन, प्या बिनधास्त." पिवळं म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, म्हणजे नळापर्यंत संरक्षण टिकलेलं आहे. पिवळं झालं नाही तर काळजी करायची. लहानपणी मी ती नळी स्वतः हातात धरून उजेडाकडे बघितलेली आहे. त्या दिवशी माझ्याच स्वयंपाकघरात तीच नळी, तोच पिवळा रंग, आणि चांगल्या पाण्याचा पुरावाच मला घाण म्हणून दाखवला जात होता. आतल्या खोलीतून आईच्या कण्हण्याचा आवाज येत होता, बायको दारात उभी होती, ती म्हणाली, "अहो, आता वेळ घालवू नका." अशा क्षणी पस्तीस वर्षांपूर्वीचा गावचा शिपाई आठवत नाही. ज्याला आठवतो त्याला माझा नमस्कार.

कोणी घरी येऊन थेंब टाकून पिवळा रंग दाखवला, तर त्याला दारातच सांगा की हे क्लोरीन आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असं म्हटलं आहे. तो असणं हा दोष नाही.

नमुना त्यांनी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत घेतला. नळाची जाळी काढली नाही, तोंड ज्योतीने तापवलं नाही, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू दिलं नाही. जिवाणू तपासणीचा नमुना प्रयोगशाळेनेच दिलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्यायचा असतो. क्लोरीनचं पाणी असेल तर त्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, नाहीतर वाटेत क्लोरीन जिवाणू मारत राहतो आणि निकाल खोटा येतो. मग बाटली थंड ठेवून लवकरात लवकर पोहोचवायची, २४ तासांच्या आत तरी नक्की. हे सगळं मला आता पाठ आहे.

अहवाल त्याच दिवशी आला. छापील, गोल शिक्क्याचा, खाली सही. 'ई. कोलाय : पॉझिटिव्ह. एमपीएन २४० प्रति १०० मिली.' ई. कोलाय म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जिवाणू, आणि एमपीएन म्हणजे जिवाणूंच्या संख्येचा अंदाज. वर नमुना घेतल्याची वेळ सकाळी ११.१०, अहवालाची वेळ दुपारी ३.४०. दोन्ही वेळा त्याच कागदावर, दोन बोटांच्या अंतरावर. एमपीएन पद्धतीत पाणी पोषक द्रवाच्या नळ्यांत घालून उबवणीयंत्रात ठेवतात. आम्ल आणि वायू तयार होतोय का हे पहिल्यांदा २४ तासांनी बघतात, मग ४८ तासांनी, आणि ई. कोलायची खात्री करायला त्यापुढे आणखी तपासणी लागते. साडेचार तासांत असा आकडा काढणं शक्यच नाही. आणि आणखी एक. तळमजल्याच्या दोन फ्लॅटना टाकीचं पाणी येतच नाही, त्यांचा नळ थेट मुख्य वाहिनीवर आहे. त्यांच्याही अहवालात २४०. सोळाच्या सोळा कागदांवर २४०. आम्ही ते कागद एकमेकांना दाखवत होतो, घाबरत होतो, आणि कुणीही दोन कागद शेजारी ठेवून विचार केला नाही. माझ्याकडे बोट दाखवणाऱ्यांनीही नाही.

त्या संध्याकाळी टाकीवाले आले. पांढरी पावडर टाकली, पाणी ढवळलं आणि गेले. टाकी रिकामी केली नाही, घासली नाही. सोसायटीचे १४,००० त्यासाठी गेले. दुसऱ्या दिवशी यंत्रं बसली. पैसे सगळे यूपीआयने, कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यावर. पावती दिली ती कच्ची, जीएसटी क्रमांकाशिवाय.

शंका आली ती यंत्राच्या पाण्याला वास यायला लागला तेव्हा. मी ओळखीने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून दोन निर्जंतुक बाटल्या आणल्या, एकीत थेट नळाचं पाणी आणि दुसरीत यंत्राचं. दोन्ही नमुन्यांचे मिळून ९०० रुपये भरले. नळाचं पाणी : कोलिफॉर्म (पाणी दूषित झाल्याची खूण मानले जाणारे जिवाणू) आढळले नाहीत, ई. कोलाय आढळले नाहीत. यंत्राचं पाणी : कोलिफॉर्म आढळले. मानकानुसार १०० मिलीत एकही असता कामा नये. म्हणजे चांगल्या पाण्याचे पैसे मोजून आम्ही खराब पाणी प्यायलो. माझी आजारी आई ते पाणी प्यायली.

फिल्टर दुरुस्त करणाऱ्याला बोलावून यंत्र उघडलं. आरओचा पडदा नव्हताच. दोन सुती कांड्या, एक कोळशाची कांडी, प्लास्टिकची टाकी आणि जंतू मारणाऱ्या 'यूव्ही' किरणांचा म्हणून एक निळा एलईडी दिवा. कोळसा क्लोरीन काढून टाकतो, पुढे जंतू मारायला काही नाही, आणि ते पाणी टाकीत तासन् तास उभं. तिथे जिवाणू वाढणारच. त्याने पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावला तर आत जाणारं पाणी ३१० आणि बाहेर येणारंही तेवढंच. आरओ खरा असता तर हा आकडा धाडकन खाली आला असता. यंत्र बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी हे मीटर दोन्हीकडे लावायला सांगा, यंत्रात आरओ आहे की नाही ते तिथल्या तिथे कळतं. मात्र टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, त्यावरून जंतू कळत नाहीत. टीडीएस दाखवून जंतूंची भीती घालणारा माणूस खोटं बोलतोय असं धरून चाला.

आता सरकारी दारांबद्दल. आधी पाणीपुरवठा विभागात गेलो. बनावट पत्र आणि ओळखपत्राचा फोटो टेबलावर ठेवला. अधिकाऱ्याने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "ही आमची माणसं नाहीत." अहो, तेच तर सांगायला आलोय. तुमचं बोधचिन्ह वापरून लोक घरात शिरतायत, निदान एक जाहीर सूचना काढा. "त्यासाठी वरून आदेश लागतो." आरोग्य विभागाने प्रयोगशाळेचा अहवाल वाचला आणि विचारलं, "नळाचं पाणी चांगलं आहे ना? मग तक्रार कसली?" हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. पाणी खराब असतं तर ती यांच्यासाठी तक्रार, पण खोटा अहवाल दाखवून म्हाताऱ्या माणसांना लुबाडलं तर ती तक्रारच नाही!

पोलीस ठाण्यात तर कमालच झाली. "तुम्ही पैसे दिलेत, वस्तू मिळाली आहे, हे दिवाणी प्रकरण." खोटं ओळखपत्र, सरकारी माणूस असल्याचं सोंग, बनावट शिक्का, बनावट अहवाल, आणि हे दिवाणी? मग म्हणाले सोळा जणांनी सोळा वेगळे अर्ज द्या. दिले. मग म्हणाले रकमा लहान आहेत. एकत्र करा म्हटलं तर म्हणाले अर्ज वेगळे आहेत. शेवटी अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. बँकेने सांगितलं की पिन तुम्हीच टाकलात. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, पेन्शनवर जगणाऱ्या, त्या बाकावर बसून रडल्या आणि समोरचा हवालदार मोबाइल बघत होता. करदात्याला याहून जास्त अपमान काय असतो? एकाही टेबलावर कुणी म्हणालं नाही की बसा, हे गंभीर आहे.

म्हणून तुम्हाला कुणी न सांगणाऱ्या गोष्टी सांगतो. फसवणुकीचं कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. फसवून पैसे काढून घेणं ३१८(४) मध्ये येतं आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. सरकारी नोकर असल्याचं सोंग आणणं हा वेगळा गुन्हा, कलम २०४. ठाण्याने नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, टपालाने पाठवा, पोच जपा. मी तसं पाठवलं तेव्हा कुठे मला फोन आला. यूपीआयने पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच तासाला कळवा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. आम्ही सात जणांनी तक्रारी तयार केल्या आहेत. विरुद्ध पक्षाचा पत्ता शोधणं हीच आता लढाई आहे, कारण पावतीवरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं.

पाणी तपासायचंच असेल तर स्वतः बाटली न्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. खासगी प्रयोगशाळा असेल तर तिचं नाव प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा, कागदावर छापलेल्या चिन्हावर जाऊ नका. घरच्या घरी जिवाणू तपासायला एचटूएसची बाटली मिळते, पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायची, काळं पडलं तर प्रयोगशाळा गाठा. ती बाटलीसुद्धा दोन दिवस मागते, मग दुपारच्या दुपारी अहवाल देणारा कोण लागून गेला? तोवर भीती वाटत असेल तर पाणी खळखळून उकळा. त्याला गॅस सोडून पैसा लागत नाही.

इमारतीच्या ग्रुपवर आजही दोघं माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटतं मला कमिशन मिळालं. माझे २०,३५० बँकेच्या उताऱ्यावर स्पष्ट दिसतायत, उतारा मी ग्रुपवर टाकला आहे.

हे लिहायचं तातडीचं कारण असं की शेजारच्या तालुक्यातल्या एका सोसायटीच्या अध्यक्षांनी मला परवा एक कागद पाठवला. तोच गोल शिक्का, तीच सही, 'एमपीएन २४०'. वेळ सकाळी १०.३० ते दुपारी २.४५. ओळखपत्रावर या वेळी ग्रामीण पाणीपुरवठ्याचं नाव आहे. एकजण उंच, डाव्या भुवईवर जखमेची खूण, बोलताना 'साहेब, तुम्ही जाणकार आहात' म्हणतो. दुसरा गप्प असतो, बॅग त्याच्याकडे असते. तुमच्याकडे आले तर वाद घालू नका, पाणी विचारा, बसवून ठेवा, खालचं फाटक लावा आणि ११२ लावा. त्यांच्या गाडीचा क्रमांक आम्हाला मिळाला नाही. तुम्ही तेवढा तरी टिपून घ्या आणि मला कळवा.