इंग्लंडच्या किनाऱ्यावर विंडब्रेक: मे ते सप्टेंबर वापरल्यानंतर

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्यात समुद्रावर त्रास देतो तो वारा, आणि तो ऑगस्टमध्येही सोडत नाही. म्हणून मोठ्या छत्रीऐवजी आम्ही मे महिन्यात पाच लाकडी दांड्यांचा, जाड कॅनव्हासचा विंडब्रेक, म्हणजे वारा अडवणारा आडोसा, घेतला. मुलांची सहा आठवड्यांची सुट्टी संपेपर्यंत त्याचा मुक्काम गाडीच्या डिकीतच होता.

वस्तू अगदी साधी. कमरेएवढ्या उंचीचा कापडाचा लांब पट्टा, ठरावीक अंतरावर दांडे, वर छप्पर नाही. पण लावायची रीत आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि त्या बाजूचा मधला दांडा आधी ठोकायचा. वरची कोरडी भुसभुशीत वाळू पायाने बाजूला सारली की खाली ओली, घट्ट वाळू लागते. दांडा तिच्यात वीतभर तरी गेला पाहिजे, तोही वाऱ्याकडे किंचित झुकलेला. मग दोन्ही बाजूंचे दांडे अर्धगोलात. रबरी हातोडा सोबत हवाच. दगडाने ठोकलं की दांड्याची डोकी फुटतात.

जागेप्रमाणे हिशेब बदलतो. नॉरफोकमधल्या हन्स्टन्टनचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. पूर्व किनाऱ्यावर असूनही इथे सूर्यास्त समुद्रात दिसतो, आणि नैर्ऋत्येचा वारा थेट अंगावर येतो. आडोसा लावला की बसल्या जागेवरून समुद्र झाकला जातो, त्याला इलाज नाही. तिथले लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कडे फार सुंदर आहेत, पण आडोशाच्या मोहाने त्यांच्या पायथ्याशी बसू नका, दगड सुटतात. नॉरफोकमधल्याच वेल्स-नेक्स्ट-द-सी या गावी उलट. किनारा उत्तरेकडे, मागे पाइनचं बन, त्यामुळे तोच वारा जमिनीवरून येतो आणि समुद्र मोकळा दिसतो. मात्र असा वारा रबरी बोटी आत खोल समुद्रात ओढून नेतो. नारिंगी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) फडकत असेल तर फुगवायचं काहीही पाण्यात न्यायचं नाही. पोहायचं ते जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. आणि भरतीचा भोंगा वाजला की लांबच्या वाळूच्या पट्ट्यावरून लगेच परत.

खरी किंमत कळली ती जूनमध्ये, पुण्याहून आई आली तेव्हा. इतर किनाऱ्यांवर ती शाल गुंडाळून गाडीतच बसायची. इथे कापडाला टेकून, पाय पसरून, थर्मासमधला चहा घेत दुपारभर बसली. धाकटी पाण्यातून निळ्या ओठांनी धावत आली की आजी तिथेच तिला टॉवेलात घ्यायची. ओलं अंग आणि वारा, हीच जोडी मुलांना गारठवते. वेटसूट घातला तरी बाहेर आल्यावर आडोसा लागतोच.

तक्रार एकच, पण मोठी. दांडा ज्या खोळीत बसतो तिची शिवण जुलैतच दोन ठिकाणी उसवली. विकणाऱ्याने बदलून दिला नाही. आईने नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी टाके घातले, ते अजून पक्के आहेत. घेताना खोळीची शिवण बोटाने ओढून बघा, आणि चार दांड्यांचा घेऊ नका: चौघांच्या कुटुंबाला अर्धगोल पुरत नाही.

घरी आल्यावर बाथटबमध्ये गोड्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवूनच गुंडाळा. दमट ठेवला तर बुरशी धरते.