पाडव्याला आणलेली स्कूटर, संक्रांतीपर्यंतचा हिशोब

गाडीचं रीडिंग आज सकाळी ६,१८४. पाडव्याला आणली, ३० मार्च २०२५ ला, आता संक्रांत झाली, म्हणजे एक अख्खा नागपुरी उन्हाळा, एक पावसाळा आणि ही थंडी एवढं सगळं पाहून झालं तिचं. ११० सीसीची साधी पेट्रोलची स्कूटर आहे, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढं शोरूमबद्दल दोन वाकडे शब्द येणार आहेत, आणि खरं सांगू तं या वर्गातल्या सगळ्या गाड्या एकमेकींच्या चुलत बहिणीच आहेत.

मी मानेवाड्याला राहते, धरमपेठेत एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात काम करते, जाऊन-येऊन १७ किलोमीटर. आधी ऑटोनं बर्डी (म्हणजे सीताबर्डी) आणि तिथून मेट्रोनं शंकर नगर असं जायची. मेट्रो मस्तच आहे, एसी आहे, पण घरून बर्डीला पोचण्यातच अर्धा जीव जायचा, संध्याकाळी तं ऑटोवाला चौथी सवारी भेटल्याशिवाय हलायचाच नाही. घरात यांची बाईक होती पण ती गिअरची, आणि मी गाडी शिकली तीच मुळात एकेचाळीसाव्या वर्षी, रेशीमबागच्या मैदानावर सकाळी सहाला, भाचीला मागं बसवून. पोट्टी सतत ओरडायची, "मावशी, ब्रेक, ब्रेक!" तेव्हा गिअरचा प्रश्नच नव्हता.

गाडी पाहिली की सगळे पहिले मायलेज विचारतात. विचारा, सांगते पुढं. पण नऊ महिन्यांनंतर मला विचाराल तं स्कूटर घ्यायची ती पायाजवळच्या जागेसाठी. त्या हातभर सपाट जागेत आमचं अर्धं घर वाहून झालं आहे. दळणाचा डबा, तांदळाचा २५ किलोचा कट्टा, पाण्याची २० लिटरची कॅन, सासूबाईंच्या तुळशीची कुंडी, पोट्ट्याच्या शाळेतला ज्वालामुखीचा मॉडेल जो बाईकवर न्यायला एक माणूस मागं बसवावा लागला असता. चितार ओळीतून गणपती आणला तोही तिथंच, यांनी हळूहळू चालवली आणि मी मागं बसून नुसती ओरडत होती, खड्डा, खड्डा, अहो खड्डा. एकदा सिलेंडरही आणलं. ते बरोबर नाही हे तेव्हाच समजलं, भरलेलं सिलेंडर ३० किलोच्या आसपास जाते, हँडल वळवलं की गुडघ्याला लागते आणि पाय टेकवायचा तं बाहेर कुठून काढायचा हा प्रश्न. पुन्हा नाही आणलं.

आता मायलेज. मी हिशोबाच्या धंद्यातली बाई, त्यामुळं मीटरवरच्या काट्यावर विश्वास नाही. टाकी फुल्ल करायची, पाइप आपोआप कट मारते तिथंच थांबायचं, रीडिंग लिहून ठेवायचं, पुन्हा फुल्ल केली की किती लिटर बसलं त्यानं भागायचं. पहिल्या महिन्यात ४१ आलं, मला रडायलाच आलं कारण सेल्समननं ६० सांगितले होते. मग गाडी मोकळी झाली आणि ४५-४६ वर येऊन थांबली, मागच्या वेळी २०६ किलोमीटरला साडेचार लिटर लागलं. वर्धा रोडनं बुटीबोरीला नणंदेकडे जाऊन आली तेव्हा एकदाच ५१ दिसलं. महिन्याला साधारण साडेसहाशे किलोमीटर होतात, १०४ रुपयाच्या आसपास पेट्रोल, म्हणजे साडेचौदा-पंधराशे रुपये. ऑटो आणि मेट्रो मिळून यापेक्षा जास्तच जायचे, पण गाडीचा हप्ता धरला तं नाही, हे यांना सांगू नका.

किमतीचं दुखणं वेगळंच आहे. मी पाडव्याचा मुहूर्त गाठला, ऑनरोड लाखाला थोडी कमी पडली, आणि २२ सप्टेंबरला सरकारनं ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के केला. सहा महिन्यांत सहा हजारांच्या वर फरक! जाऊ द्या बापा, म्हटलं, सहा महिने चाललीही असती आपण पायी.

उन्हाळा. ज्यांनी नागपूरचा मे पाहिला नाही त्यांना सीटचं सांगून समजणार नाही. दुपारी दोनला ऑफिसच्या बाहेर काळ्या सीटवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं, ब्रेकचा दांडा हाताला चटका देते, हेल्मेट आतून भट्टी. उपाय काही नवीन नाही, सीटवर टाकायला डिकीत जुना टॉवेल, डोक्याला-तोंडाला दुपट्टा, पर्समध्ये कांदा (हसा, पण सासूबाई दारातच विचारतात), आणि कडुनिंबाच्या झाडाखालची जागा पकडायला सकाळी दहा मिनिटं लवकर निघायचं. ४५ डिग्रीतही गाडीनं स्टार्ट व्हायला एकदाही त्रास दिला नाही, हे मान्य करावं लागेल. टायरची हवा मात्र सकाळीच, गाडी थंड असताना पाहायची, दुपारी तापलेल्या टायरात जास्तच दाखवते आणि आपल्याला वाटते बरोबर आहे. आणि तो दर उन्हाळ्यातला व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज, टाकी फुल्ल केली की फुटते, तो खोटा आहे, इंडियन ऑईलनंच खुलासा केला होता की कंपनीनं सांगितलेल्या लिमिटपर्यंत भरायला काहीच हरकत नाही. आमच्या शेजारच्या काकू तरी अर्धीच भरतात.

पहिली सर्व्हिसिंग फ्री. फ्री म्हणजे मजुरी फ्री, ऑइलचे पैसे लागतात, ते ठीक. पण बिल पाहिलं तं त्यात कोटिंग, पॉलिश आणि पेट्रोलमध्ये टाकायचं कुठलं तरी औषध, सगळं मिळून नऊशे रुपये वरचे. मी विचारलं, हे मी कधी सांगितलं? तो म्हणे, "मॅडम, सगळेच करतात." म्हटलं भाऊ, माझं नाव सगळेच नाही. दहा मिनिटं हुज्जत घातली तेव्हा काढलं बिलातून. तेव्हापासून गाडी देताना जॉब कार्डवर मी स्वतः लिहिते, विचारल्याशिवाय काही करू नये, आणि त्याचा फोटो काढून ठेवते.

मोठी तक्रार चाकांची. पुढचं चाक १२ इंची, मागचं १० इंची. एवढंसं चाक खड्ड्यात पडत नाही, खड्ड्यात राहायला जाते. त्यात आपल्याकडे जिकडे तिकडे सिमेंट रोड, वरून गुळगुळीत, पण कडेला गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) आणि रोड यांच्यात कुठं दोन बोटं तं कुठं वीतभर उंचीचा फरक. नोव्हेंबरमध्ये कॉटन मार्केटमधून पाच किलो संत्री घेऊन येत होती, पिशवी पायाजवळ, मागून बस हॉर्न मारून राहिली म्हणून खाली गट्टूवर उतरली आणि परत तिरपीच वर चढवायला गेली. पुढचं चाक त्या कडेला घासत सरकत गेलं, चढलंच नाही, आणि मी डाव्या बाजूला गाडीसकट आडवी. वेग काहीच नव्हता, कोपर खरचटलं, आरसा वाकला, पण संत्री! पाच किलो संत्री रोडभर, एक तं घरंगळत पार चहाच्या ठेल्यापर्यंत. दोन पोट्टे धावत आले, एकानं मला उठवलं, दुसऱ्यानं ट्रॅफिक थांबवून संत्री गोळा केली. ठेलेवाले काका म्हणाले, "ताई, कड नेहमी सरळ घ्यायची, हळू करून, तिरपी घेतली की चाक पळते." शिकवणाऱ्या कुणी हे सांगितलं नव्हतं. आता कड दिसली की थांबते, हँडल सरळ करते, मग चढवते, मागच्यानं किती का हॉर्न मारो.

पावसात नरेंद्र नगरच्या पुलाखालून जाऊ नका, एवढंच. जुलैमध्ये पाणी साचलेलं दिसत होतं आणि माझ्यासमोर दोघांनी गाड्या घातल्या, दोन्ही बंद पडल्या, मी वळवली. साध्या पावसात गाडी नीट चालते, फक्त पाण्यातून निघालं की ब्रेक भिजलेले असतात, थोडं अंतर हलकेच दाबत दाबत न्यायचे म्हणजे पकडतात.

बायांना एक सांगते, डबल स्टँड हातानं ओढून लागत नाही, १०५ किलोच्या वरची गाडी आहे. मी दोन आठवडे वॉचमन भाऊंना हाक मारत होती. मग त्यांनीच दाखवलं, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे, गाडी सरळ धरायची आणि स्टँडला पाय ठेवायची जी दांडी असते तिच्यावर आपलं सगळं वजन देऊन उभंच राहायचं, हात नुसता मागच्या कॅरिअरला. गाडी आपोआप मागं जाऊन बसते. आणि गाडी अचानक स्टार्ट होईना तं पहिले उजव्या हाताचं, इंजिन बंद करायचं लाल बटण पाहा. मी पार्किंगमध्ये पंधरा किक मारल्या, घाम फुटला, मेकॅनिकला फोन लावला, आणि तिसऱ्या माळ्यावरून एक चिमणं पोरगं ओरडलं, "काकू, मी ते लाल बटण दाबलं होतं सकाळी."

डिकीत हेल्मेट पूर्ण बसत नाही, माझं तरी नाही, पण डबा, रेनकोट आणि टॉवेल जातात. हेडलाइट बरी. हॉर्न सायकलच्या घंटीपेक्षा थोडा मोठा. सहा हजार किलोमीटरमध्ये एक पंचर, ट्यूबलेस असल्यानं घरापर्यंत आली, शंभर रुपयात झालं.

मार्चमध्ये इन्शुरन्स पाहायचा आहे, थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग) पाच वर्षांचा सुरुवातीलाच भरावा लागते पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग एकच वर्षाचा होता. आरसा बदलला, डाव्या बाजूचा ओरखडा तसाच ठेवला. यांची बाईक आता महिन्यातून दोनदा निघते, बाकी वेळ हे माझीच नेतात आणि पेट्रोल काट्याच्या लाल रेघेवर आणून ठेवतात. पोट्टा सोळाचा झाला, त्याला गाडी पाहिजे, मी त्याला नियम दाखवला की सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतचीच बिनगिअरची चालते, तं म्हणे मग दोन वर्षं थांबतो. तोपर्यंत चावी पोह्याच्या डब्यात असते. त्याला अजून सापडली नाही, कारण पोहे मीच करते.