बग्गी माझी, नंबर माझा, चासी भलत्याचीच

ड्यून बग्गी, म्हणजे वाळूत पळवायची हलकी उघडी गाडी, बांधायचं खूळ ज्यांच्या डोक्यात शिरलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. खूळ काढून टाकायला नाही, माझंही अजून गेलेलं नाही. पण मला ज्या पद्धतीने गंडवलं ती इतकी साधी होती, की गाड्यांमधलं थोडंफार कळणारा माणूसच तिच्यात अडकतो. ज्याला काहीच कळत नाही तो निदान सोबत कुणाला तरी घेऊन जातो. मी एकटाच गेलो.

माझ्याकडे दोन वस्तू होत्या. एक १९६५ सालच्या मॉडेलची फोक्सवॅगन बीटल. वरचा पत्रा कुजलेला, पण खालची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, धडधाकट आणि कागदपत्रं स्वच्छ. दुसरी म्हणजे चार हातांतून फिरत आलेली फायबरची बग्गी बॉडी. ती अस्सल मेयर्स मँक्स नाही हे मला घेतानाच माहीत होतं, आणि त्याची लाजही नव्हती. ब्रूस मेयर्स हा कॅलिफोर्नियातला, होड्या बांधणारा माणूस. १९६४ मध्ये त्याने बीटलच्या यंत्रसामग्रीवर फायबरची पहिली बग्गी उभी केली. १९६७ मध्ये तो आणि टेड मँगल्स त्याच गाडीतून ला पाझ ते तिहुआना हा बाहा कॅलिफोर्नियाचा पल्ला ३४ तास ४५ मिनिटांत मारून आले आणि मागणीला पूर आला. मागोमाग नकलाही आल्या. पेटंटचा दावा तो कोर्टात हरला. अस्सल मँक्स निघाल्या सहा-सात हजार, नकला त्याच्या कितीतरी पट. तेव्हा जगातल्या बहुतेक बग्ग्या नकलाच आहेत, माझीही त्यांतलीच एक.

काम काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण सगळी लबाडी त्याच कामात लपली. बीटलच्या चासीतून मधला सव्वाचौदा इंचांचा, म्हणजे साधारण ३६ सेंटिमीटरचा पट्टा कापून काढायचा आणि पुढचा-मागचा भाग पुन्हा जोडायचा. मधून जो पोकळ बोगदा जातो, ज्याला टनेल म्हणतात, त्यात क्लचच्या आणि ॲक्सिलरेटरच्या केबलच्या नळ्या, पेट्रोलची नळी आणि गिअरचा दांडा असतो. ते सगळंही तेवढंच आखूड करावं लागतं. निगुतीने केलं तर हे काम दिवसच्या दिवस खातं. इंजिन खोलून १७७६ सीसीचं बांधायचं ठरलं होतं. शिवाय गाडी रस्त्यावर नोंदणी होण्यासारखी हवी होती आणि वाळूत, खडकाळ वाटेवरही चालायला हवी होती.

हे काम ज्याला दिलं त्या मिस्त्रीच्या गॅरेजबाहेर दोन चकचकीत बग्ग्या उभ्या होत्या. माणूस बोलायला गोड.

"साहेब, रस्त्यावरही पळेल, वाळूतही पळेल. तुम्ही फक्त रंग सांगा."

मी रंग सांगितला. तिथेच पहिली चूक झाली. ज्याला खरंच अशी गाडी बांधायची आहे तो आधी विचारतो, रस्ता किती आणि वाळू किती? त्यावर टायर ठरतात, मागची उंची ठरते, गिअरचं प्रमाण ठरतं. वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे वाळूचे टायर डांबरावर धोकादायक, आणि रस्त्याचे अरुंद टायर मऊ वाळूत रुतणार. वजन सगळं मागे, पुढचा भाग हलका, त्यामुळे ब्रेक दाबताच पुढची चाकं आधी जाम होतात आणि त्याचाही विचार करावा लागतो. यातला एकही प्रश्न त्याने विचारला नाही. मी टायरचं काढलं तर म्हणाला, "होऊन जाईल." पुढे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मोजणं सोडलं.

पैसे चार हप्त्यांत द्यायचे होते, पण हप्ते कामाला बांधलेले नव्हते, महिन्याला बांधलेले होते. महिना भरला की फोन आणि फोनबरोबर फोटो. आता ते फोटो ओळीने लावून बघतो तेव्हा हसूही येतं आणि चीडही. दुसऱ्या फोटोत इंजिन निळ्या लोखंडी टेबलावर आहे. तिसऱ्यात लाकडी बाकावर, आणि पंख्याचं कवच काळ्याचं एकदम क्रोम झालंय. चौथ्यात पाना धरलेला हात दिसतो, त्या बोटात अंगठी आहे. मिस्त्रीच्या हातात कधी अंगठी नव्हती. मी हे फोटो मित्रांना कौतुकाने दाखवले होते.

चौथ्या हप्त्याच्या वेळी तो म्हणाला, "साहेब, मागचं सस्पेन्शन तुम्हाला अपग्रेड करून दिलंय. वेगळे पैसे नकोत. तुमची हौस बघितली ना, म्हणून." मी त्याला दोनदा धन्यवाद दिले आणि मिठाईचा पुडाही नेऊन दिला!

गाडी घरी आली तेव्हा देखणी होती, हे कबूल करायला हवं. पहिले दोन दिवस गुळगुळीत रस्त्यावर झकास चालली. तिसऱ्या दिवशी कच्च्या वाटेवर उतरवली आणि क्लचचं काहीतरी बिनसलं. पेडल कधी वर पकडायचं, कधी अगदी तळाशी. केबल ॲडजस्ट केली की रस्त्यावर ठीक, खड्ड्यांतून फिरून आलो की पुन्हा तेच. दुसरा गिअर आपोआप निसटायला लागला. आणि फायबरच्या बॉडीला, जिथे ती चासीला बोल्टने जोडली होती, तिथून केसासारखी एक चीर निघाली.

मिस्त्रीला फोन केला तर "नवी केबल आहे साहेब, बसायला वेळ लागतो." पुढच्या वेळी फोन त्याच्या पोऱ्याने उचलला. मग कुणीच उचलेना.

शेवटी काकांना बोलावलं. त्यांची उमेदीची वर्षं याच एअर-कूल्ड इंजिनांत गेली. गाडीजवळ आले, रंगाकडे बघितलंही नाही. थेट मागे गेले, वाकले, आणि हस्तांदोलन करावं तशी क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची, पुली मुठीत धरून आत ढकलली, मग बाहेर ओढली. टक. पुन्हा, टक.

"हे इंजिन खोललेलं नाही," म्हणाले.

"अहो काका, फोटो आहेत माझ्याकडे."

"फोटो असतील. इंजिन खोललेलं नाही."

त्यांनी डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळ, लावलं. नीट बांधलेल्या इंजिनात क्रँक पुढे-मागे ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर एवढाच सरकायला हवा, ०.१५ झालं की मर्यादा संपली. फ्लायव्हीलमागे तीन शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात, त्यांची जाडी निवडून हे माप जुळवतात. इंजिन बांधणाऱ्याला ते टाळताच येत नाही. माझ्या 'नव्या' इंजिनात ०.४ भरलं. हातालाही जाणवतं आणि कानालाही. इंजिन बंद ठेवायचं आणि पुली धरून ओढायची, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. गाडी ताब्यात घेताना मी हॉर्न वाजवून बघितला होता.

मग ते जमिनीवर आडवे झाले आणि मागच्या चाकांखाली बॅटरी मारत बराच वेळ गप्प राहिले.

"गाडी कुठल्या सालची म्हणालास?"

"पासष्ट."

"मग मागची बाजू पासष्टची का नाही?"

१९६५ च्या बीटलला स्विंग ॲक्सल असायचा. गिअरबॉक्सला लागून रबरी बूट, तिथून चाकापर्यंत एकच जाड नळी, आणि मागचा भाग उचलला की चाकं खालून आत झुकतात. माझ्या बग्गीला प्रत्येक बाजूला दोन-दोन जॉइंट आणि तिरका आर्म होता, म्हणजे इंडिपेंडंट सस्पेन्शन. ते बीटलला आलं साठच्या दशकाच्या अगदी शेवटी. नंतर बदलता येतं, पण मग चासीला नवी ब्रॅकेट वेल्ड करावी लागतात. इथली ब्रॅकेट कारखान्यातूनच आलेली होती. गिअरबॉक्सही अर्थातच माझा नव्हता. फुकटातलं अपग्रेड ते हे. माझी चासी, माझा गिअरबॉक्स त्याने ठेवून घेतला आणि गॅरेजमागे पडलेली, आधीच कुणीतरी आखूड केलेली दुसरी चासी मला चिकटवली. कापण्या-जोडण्याचे पैसे मात्र पुरेपूर घेतले.

"पण नंबर तर माझाच आहे," मी म्हणालो. कागदाशी ताडून बघितला होता.

बीटलचा चासी नंबर टनेलवर, मागच्या सीटच्या जागी ठोकलेला असतो. १९६५ च्या मॉडेलपासून त्या नंबरातला तिसरा आकडा साल सांगतो. माझा सुरू होतो ११५ पासून, म्हणजे पासष्टच. काकांनी तिथला रंग ब्लेडने खरवडला. नंबराभोवती साधारण पोस्टकार्डाएवढी चौकट निघाली, चारही बाजूंनी ग्राइंडर मारलेली वेल्डची रेघ. माझ्या चासीवरचा नंबराचा तुकडा कापून या चासीवर बसवला होता. नखाने चाचपलं तरी कळत होतं. मी आकडे वाचले होते, पण कडेने बोट फिरवलं नव्हतं.

माझ्या पोटात गोळा आला तो इथे. तोपर्यंत सगळं पैशांचं नुकसान होतं. चासीच्या नंबरात फेरफार हा बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि या चासीचा मूळ नंबर कुणाचा, ती चोरीची की भंगारातली, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अशी गाडी घेऊन नोंदणीच्या तपासणीला जायचं म्हणजे पहिला जाब मलाच द्यावा लागणार.

क्लचचं कोडंही त्याच दुपारी सुटलं. काकांनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक टनेलवरून फिरवलं. सगळीकडे धरत होतं, जोडाच्या जागी चार बोटं रुंदीच्या पट्ट्यात मात्र घसरून पडायचं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर आवाज बद्द. हीट गनने तापवून पटाशी लावली आणि पुट्टीचा थर निघाला, बोटाच्या पेराएवढा जाड. खाली अखंड वेल्ड नव्हता, बोटाबोटाच्या अंतरावर नुसते टाके होते आणि त्यातले तीन तुटलेले. चाक खड्ड्यात गेलं की चासी त्या जोडात उघडायची, आतल्या केबलचा ताण बदलायचा, गिअरचा दांडा ओढला जायचा. वरून कीर्तन, आतून तमाशा.

इंजिनचं हेड नंतर काढलं, आता फक्त खात्रीसाठी. १७७६ आणि साधं १६०० यांत स्ट्रोक सारखाच, ६९ मिलिमीटर. फरक पिस्टनचा. १७७६ ला ९०.५, मूळ १६०० ला ८५.५, आणि मोठे बॅरल बसवायला क्रँककेस व हेड मशीनवर मोठं करून घ्यावं लागतं. व्हर्नियर लावला, ८५.५. बॅरलवर बाहेरून चंदेरी रंग होता. मी जुने पिस्टन परत मागितले होते तेव्हा तो म्हणाला होता, "भंगारात गेले साहेब." जुने पिस्टन इंजिनातच होते.

आता कुणी विचारतं की मी काय वेगळं करायला हवं होतं, तेव्हा मी पैशांपासून सुरुवात करतो. हप्ता तारखेला नाही, टप्प्याला द्यायचा. चासी कापून जोडली, पुट्टी आणि रंग लागायच्या आधी स्वतः जाऊन बघितली, मग एक हप्ता. इंजिनच्या केसचे दोन भाग बंद होण्याआधी क्रँक डोळ्यांनी बघितला, मग दुसरा. गाडी सोडण्याआधी चासी नंबर, गिअरबॉक्स आणि इंजिन केसवरचे आकडे यांचे फोटो आपल्याच हाताने काढायचे, आणि आपल्यालाच सापडेल अशा आडजागी पंचने एक-एक ठिपका ठोकून ठेवायचा. काढलेला प्रत्येक पार्ट, अगदी गंजका बोल्टसुद्धा, पोत्यात भरून परत मागायचा. यातलं काही केलं की मिस्त्री दुखावतो, "विश्वास नाही का साहेब?" म्हणतो. माझा मिस्त्री तर पहिल्याच दिवशी, मी काही विचारायच्या आधी हे म्हणाला होता.

मी स्वतःहून तक्रार केली, फोटो आणि पावत्या जोडल्या. पावत्या तीनच निघाल्या, चौथा हप्ता मी मिठाईबरोबर रोख दिला होता. चासी तपासासाठी जप्त झाली. माझी मूळ चासी कुणाच्या तरी बग्गीखाली असेल, नंबराच्या जागी भोक किंवा भलताच नंबर घेऊन. त्या माणसाने ती पैसे मोजूनच घेतली असणार, त्याचंही वाईट वाटतं.

बॉडी सध्या जुन्या टायरांवर पालथी पडली आहे, चीर भरायची राहिलीय. इंजिन मात्र काकांनी आणि मी पुन्हा बांधलं, १६०० चंच ठेवलं. शिम तीनदा बदलून बघावे लागले, तेव्हा कुठे ०.१० आलं.